राजा मतांवर, विद्यापीठ पदरच्या पैशावर: पोलंडच्या यान झामोयस्कीची गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान पोलंडला गेले, वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली आणि वळिवड्याची छावणी पुन्हा बातम्यांत आली. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ राहिले, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यातले बहुतेक पोलंडच्या पूर्व भागातले, सोव्हिएत रशियाने घरादारातून उचलून हद्दपार केलेले. पण हा ‘पूर्व पोलंड’ आजच्या नकाशावर शोधायला जावं तर तो युक्रेनमध्ये, बेलारूसमध्ये, लिथुआनियात निघतो. मग प्रश्न पडतो, हे लोक पोलिश कसे?

याचं मूळ सोळाव्या शतकात आहे. १५६९ मध्ये लुब्लिन इथे झालेल्या करारानंतर पोलंड आणि लिथुआनिया मिळून एकच अवाढव्य संघराज्य झालं. बाल्टिक समुद्रापासून ते युक्रेनच्या गवताळ मैदानांपर्यंत ते पसरलेलं होतं. आकारापेक्षा चक्रावणारी गोष्ट म्हणजे तिथला राजा निवडून येत असे. शेजारी-पाजारी राजाचा मुलगा राजा होत होता, आणि इथे चक्क मतं पडत होती.

ही भानगड समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य धरून चाललेलं बरं. यान झामोयस्की, जन्म १५४२, मृत्यू १६०५. सरदार, मुत्सद्दी, सेनापती, कवी-पंडितांचा पोशिंदा, स्वतःचं शहर आणि स्वतःचं विद्यापीठ उभारणारा. त्याच्याबद्दल लिहिताना राजकारण एका कप्प्यात आणि विद्याप्रेम दुसऱ्या कप्प्यात ठेवायची पद्धत आहे. मला हे कप्पे पटत नाहीत. सत्ता मतांवर मिळत असेल तर भाषण, कायद्याची जाण, छापखाना आणि शाळा यांना तलवारीइतकाच भाव येतो, आणि झामोयस्कीने हे इतरांच्या आधी ओळखलं होतं.

## राजा निवडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

७ जुलै १५७२ रोजी राजा झिग्मुंट ऑगस्ट वारला. त्याला मूल नव्हतं. जवळजवळ दोनशे वर्षं राज्य केलेल्या यागेलोन घराण्याचा हा शेवटचा पुरुष. आधीच्या राजांनाही सरदारांची संमती लागत असे, पण घराणं ठरलेलं होतं. आता घराणंच संपलं, आणि कोण कुणाला निवडणार याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नव्हते.

पुढे जाण्याआधी दोन शब्द. श्लाख्ता म्हणजे तिथला सरदारवर्ग. आपल्या डोळ्यासमोर सरदार म्हटलं की वाडा आणि हत्ती येतात, पण श्लाख्तात गावंच्या गावं पदरी असलेले धनाढ्य होते तसे स्वतःचा नांगर स्वतः धरणारेही होते. लोकसंख्येच्या साधारण ६ ते १० टक्के लोक या वर्गात मोडत. त्या काळच्या युरोपात हे प्रमाण फारच मोठं. दुसरा शब्द सेयम, म्हणजे संसद. तिचं वरचं सभागृह, म्हणजे सेनेट, बिशप आणि बड्या अधिकाऱ्यांचं, खालचं श्लाख्ताच्या प्रतिनिधींचं.

सहकारी साखर कारखाना माहीत असलेल्याला ही रचना लगेच कळेल. शेअर असलेला सभासद, मग तो दोन एकरवाला असो नाहीतर दोनशे एकरवाला, चेअरमनच्या निवडणुकीत त्याचं मत एकच. चेअरमन पोटनियमांना बांधलेला. आणि ज्याच्या कोयत्यावर कारखाना चालतो त्या ऊसतोड मजुराला सभेच्या दारातही उभं करत नाहीत. पोलंडचा राजा हा असा चेअरमन होता, श्लाख्ता हे सभासद होते, आणि कोयतेवाले कोण ते पुढे येईलच.

१५७२ मध्ये वाद पेटला तो मत द्यायचं कसं यावर. बड्यांचं म्हणणं, आम्ही सेनेटमध्ये बसून ठरवतो. तीस वर्षांचा झामोयस्की म्हणाला, श्लाख्तातल्या प्रत्येकाने स्वतः यावं आणि स्वतः मत द्यावं. हेच मान्य झालं. १५७३ च्या वसंतात वॉर्साजवळ व्हिस्तुला नदीच्या काठी कामियोनच्या मैदानात सुमारे ४०,००० लोक जमले, घोड्यांवर, हत्यारबंद, प्रांताप्रांताचे तंबू ठोकून.

आता यातली मेख. ज्याने त्याने आपल्या खर्चाने यायचं, म्हणजे जवळचा येणार आणि लांबचा घरी राहणार. वॉर्साच्या आसपासचा माझोव्हिया प्रांत गरीब पण संख्येने भरमसाट श्लाख्ताने भरलेला होता, आणि ही मंडळी कट्टर कॅथलिक. ‘प्रत्येकाला मत’ हे ऐकायला जितकं सरळ वाटतं तितकं ते मैदानावर नसतं. झामोयस्कीला मात्र याचा आयुष्यभर फायदा झाला. आपल्याला मत मिळवून दिलं कुणी, हे लहान श्लाख्ता विसरली नाही.

## निवडून आलेला राजा मनमानी करू लागला तर?

त्याचीही सोय होती. मैदानावर निवड झाली फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाची, हेन्रीची. पण त्याआधी त्याच्यापुढे कलमं ठेवली गेली, आणि पुढच्या प्रत्येक राजाला ती मान्य करावी लागली. राजाने स्वतःच्या हयातीत वारस नेमायचा नाही. दर दोन वर्षांनी सेयम बोलवायचीच. सेयमच्या संमतीशिवाय नवे कर नाहीत, सरसकट लढाईची हाक नाही. सोळा सेनेटर आळीपाळीने राजाजवळ राहून त्याला सल्ला देतील, थोडक्यात डोळा ठेवतील. आणि राजाने शब्द मोडला तर प्रजेवर आज्ञापालनाचं बंधन उरणार नाही. प्रजा म्हणजे अर्थातच श्लाख्ता.

त्याच वर्षी जानेवारीत वॉर्सात आणखी एक करार झाला होता. वेगवेगळ्या पंथांच्या सरदारांनी एकमेकांना लेखी शब्द दिला की धर्मावरून आपण रक्त सांडणार नाही. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये हजारो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली होती, आणि आता पोलंडला राजा तिथूनच यायचा होता. त्यामुळे हा कागद करणाऱ्यांच्या मनात काय चाललं असेल ते सांगायला नको.

हेन्रीला आणायला पॅरिसला गेलेल्या शिष्टमंडळात झामोयस्की होता. राजा आला, फेब्रुवारी १५७४ मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला, आणि चारच महिन्यांत फ्रान्समधला मोठा भाऊ वारल्याची बातमी आली. तिकडचं सिंहासन रिकामं. जूनमधल्या एका रात्री हेन्री राजधानी क्राकोव्हच्या वाड्यातून निसटला तो सीमेपलीकडे जाऊनच थांबला. मतदारांचा राजा पळाला! हे वाचताना हसू येतं, पण तिथल्या लोकांवर मोठा पेच होता. राजगादी रिकामी समजायची की नाही, इथपासून सुरुवात.

१५७५ च्या डिसेंबरात पुन्हा मतदान झालं आणि दोन निकाल लागले. सेनेटरांनी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राट मॅक्सिमिलियनला राजा जाहीर केलं. झामोयस्कीच्या मागे उभ्या असलेल्या श्लाख्ताने जुन्या घराण्यातली राजकन्या आना हिला निवडलं, आणि तिच्याशी लग्न करून राज्य करायला ट्रान्सिल्व्हानियाचा राजपुत्र स्टेफान बाथोरी याला बोलावलं. आना ५२ वर्षांची, नवरदेव ४२ चा. सम्राट विचार करत बसला, बाथोरी घोड्यावर बसून आला. १ मे १५७६ रोजी क्राकोव्हला त्याच्या डोक्यावर मुकुट चढला.

बाथोरीला पोलिश येत नव्हतं. राजाचा कारभार लॅटिनमधून चालला, आणि लॅटिनवर हुकूमत असलेला, देशाचे जुने कायदे तोंडपाठ असलेला माणूस त्याच्या शेजारीच उभा होता.

## हे सगळं तो शिकला कुठे?

झामोयस्की राजघराण्यातला नव्हता, अगदी पहिल्या फळीतल्या बड्या घराण्यातलाही नव्हता. स्कोकूफ्का नावाच्या गावात मध्यम सरदाराच्या घरी जन्म, वडील कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट. शिकायला आधी पॅरिस, मग इटलीतलं पादुआ. तिथे तो कॅथलिक झाला. पादुआच्या विद्यापीठात विद्यार्थी आपल्यातूनच रेक्टर, म्हणजे प्रमुख, निवडत, आणि १५६३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या एकवीस वर्षांच्या पोलिश मुलाला निवडलं. म्हणजे राजा निवडायच्या दहा वर्षं आधी तो स्वतः एक निवडणूक जिंकून बसला होता. त्याच वर्षी त्याचा रोमच्या सेनेटवरचा लॅटिन ग्रंथ व्हेनिसमध्ये छापला गेला.

परत आल्यावर त्याला राजाच्या कचेरीत नोकरी लागली आणि काम मिळालं क्राकोव्हच्या किल्ल्यातलं राज्याचं दफ्तर लावण्याचं. जुन्या सनदा, करारनामे, हक्कपत्रं, सगळं वाचायचं आणि यादी करायची. कुणाला कोणती जमीन कुठल्या अटीवर मिळाली, कोणत्या राजाने काय कबूल केलं होतं, हे सगळं त्याच्या नजरेखालून गेलं. नियम नसलेल्या निवडणुकीत ‘पूर्वी असं झालं होतं’ हे कागदावर बोट ठेवून सांगणारा माणूस किती भारी पडतो, याचा अनुभव आपल्याकडे कुठल्याही वार्षिक सभेला गेलेल्याला असेल.

## शिक्का आणि सैन्य एकाच्याच हातात?

बाथोरीने त्याला आधी उपकुलमुखत्यार केलं आणि १५७८ मध्ये कुलमुखत्यार, म्हणजे चॅन्सेलर. राज्याचा मोठा शिक्का त्याच्याकडे. त्याच्या शिक्क्याशिवाय राजाचा हुकूम निघत नसे. १५८१ मध्ये त्यालाच मुख्य सेनापतीही नेमलं. या पदाला तिथे हेत्मान म्हणत. सत्तेवर वचक ठेवणाऱ्या कलमांचा पुरस्कर्ता आता एका खिशात शिक्का आणि दुसऱ्या हातात फौज घेऊन फिरत होता.

सेनापती म्हणून त्याची परीक्षा लगेच झाली. मॉस्कोच्या इव्हान द टेरिबलशी युद्ध चालू होतं. प्स्कोव्ह या रशियन शहराच्या वेढ्यात बाथोरी पैसे आणि कुमक उभी करायला मागे परतला आणि बर्फात कुडकुडणारं, पगार थकलेलं, बंडाच्या काठावर आलेलं सैन्य या पुस्तकी माणसाच्या गळ्यात पडलं. सैनिक त्याची टिंगल करत. त्याने शिस्त इतकी कडक ठेवली की टिंगल करणारे त्याचा द्वेष करू लागले, पण वेढा उठला नाही. प्स्कोव्ह पडलं नाही हेही खरं. मात्र जानेवारी १५८२ च्या तहात इव्हानला बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियावरचा हक्क सोडावा लागला.

त्याच्यावर आजही वाद होतो तो सामुएल झबोरोव्हस्कीच्या प्रकरणामुळे. हा एका बड्या घराण्यातला तापट सरदार. १५७४ मध्ये क्राकोव्हच्या किल्ल्यावरच्या भांडणात त्याने मध्ये पडलेल्या एका अधिकाऱ्याला घातक जखमी केलं आणि त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. तो उघडपणे परत येऊन फिरू लागला. १५८४ मध्ये झामोयस्कीने त्याला पकडलं आणि जुन्या शिक्षेच्या आधाराने क्राकोव्हला त्याचा शिरच्छेद केला. नवा खटला नाही, सेयमची परवानगी नाही. समर्थक म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा, बड्यांनाही. विरोधक म्हणाले, चॅन्सेलरने कायद्याच्या नावाखाली वैऱ्याचा काटा काढला. मला दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी वाटतात. कलम त्याच्या बाजूने होतं, आणि झबोरोव्हस्की घराणं त्याच्या वाटेतला धोंडा होतं हेही तितकंच उघड होतं.

बाथोरी १५८६ मध्ये अचानक वारला आणि पुन्हा दोन गट, दोन राजे. झबोरोव्हस्की घराण्याने हाब्सबुर्ग राजपुत्र मॅक्सिमिलियनला आणलं. हा पूर्वीच्या सम्राटाचा मुलगा. झामोयस्कीने स्वीडनच्या झिग्मुंट वासाला पुढे केलं. या वेळी फैसला मतांवर थांबला नाही. २४ जानेवारी १५८८ रोजी बिचिना इथे झामोयस्कीने मॅक्सिमिलियनचा पराभव केला, त्याला जिवंत पकडलं आणि वर्षभर क्रास्नीस्ताव्हच्या किल्ल्यात ठेवलं.

## लग्नातलं नाटक

आता विद्येकडे येऊ, पण राजकारण सोडून नव्हे.

१२ जानेवारी १५७८. वॉर्साजवळच्या याझ्दूफला झामोयस्कीचं दुसरं लग्न, वधू लिथुआनियाच्या राजिवीव या अतिबड्या घराण्यातली क्रिस्तिना. राजा बाथोरी आणि राणी आना हजर. करमणुकीसाठी नाटक ठेवलं होतं, खास या प्रसंगासाठी मागवलेलं, आणि लेखक होता पोलिश भाषेचा त्या काळचा सर्वांत मोठा कवी, यान कोखानोवस्की. ‘ग्रीक दूतांची पाठवणी’ हे पोलिश भाषेतलं पहिलं बांधेसूद शोकनाटक मानतात.

लग्नाला शोकनाटक? गोष्ट ऐकली की कळतं. पळवून आणलेल्या हेलनला परत मागायला ग्रीक दूत ट्रॉयला आले आहेत. तिला द्यायचं की युद्ध पत्करायचं, हे ट्रॉयची सभा ठरवणार. हेलनला पळवणारा राजपुत्र भेटी देऊन मतं फिरवतोय. अंतेनोर नावाचा एकच म्हातारा सरळ बोलतो, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. सभेत काय झालं हे प्रेक्षकाला एका दूताच्या तोंडून कळतं: गट पडले, आरडाओरडा झाला, शांत करण्यासाठी काठ्या आपटाव्या लागल्या, शेवटी जास्त ओरडणाऱ्यांचा विजय झाला. नाव ट्रॉयचं, सभा हुबेहूब सेयमची. ज्यांच्या हाती राज्य आहे त्यांनी स्वतःच्या आधी लोकांचा विचार करावा, असं बजावणारं पदही त्यात आहे.

प्रेक्षकांत बसलेले पाहुणे काही दिवसांतच वॉर्साच्या सेयममध्ये बसणार होते आणि त्यांच्यापुढे मॉस्कोविरुद्धच्या युद्धासाठी करवाढीचा प्रस्ताव येणार होता. सेयमने कर मंजूर केले. याच सेयममध्ये श्लाख्ताच्या खटल्यांसाठी वरिष्ठ न्यायालयही स्थापन झालं, म्हणजे शेवटचा निकाल द्यायचं काम राजाच्या हातातून सुटून निवडलेल्या न्यायाधीशांकडे आलं. नाटकामुळे मतं पडली असं कुणी म्हणणार नाही. पण लग्नाच्या मांडवात प्रतिनिधींना त्यांचाच आरसा दाखवणारा यजमान साधा रसिक नव्हता, एवढं नक्की.

## शहर कशाला बांधलं?

१० एप्रिल १५८० ची सनद आहे. जन्मगावाच्या शेजारी, ओसाडात, झामोयस्कीने नवं शहर वसवायला घेतलं आणि त्याला आपलं नाव दिलं: झामोश्च. वास्तुविशारद इटलीचा, बेर्नार्दो मोरांदो. रिकाम्या जमिनीवर आधी आराखडा, मग घरं.

अभ्यासक या आराखड्यात माणसाचं शरीर पाहतात. पश्चिमेला सरदाराचा वाडा म्हणजे डोकं, तिथून पूर्वेकडे जाणारा मुख्य रस्ता म्हणजे कणा, मोठं चर्च आणि अकादमी म्हणजे फुप्फुसं, मधोमध चौक, आणि तटाचे बुरूज म्हणजे हातपाय. मुख्य चौक १०० मीटर बाय १०० मीटर. भोवती घरांच्या तळमजल्यावर कमानींचे सलग ओटे, म्हणजे पावसात-बर्फात न भिजता पूर्ण चौक फिरता येतो आणि दुकानदाराचा धंदा बंद पडत नाही. मिठाचा बाजार वेगळ्या चौकात, पाण्याचा बाजार तिसऱ्या.

बाजार आहे, पण व्यापारी कुठून येणार? यासाठी सवलती. १५८५ मध्ये आर्मेनियन व्यापाऱ्यांना वस्तीची सनद, १५८८ मध्ये सेफार्दी ज्यूंना, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना स्पेन-पोर्तुगालमधून हाकललं होतं त्यांना, आणि १५८९ मध्ये ग्रीकांना. प्रत्येकाला आपापल्या धर्माप्रमाणे वागायची आणि प्रार्थनास्थळ बांधायची मुभा. हे औदार्य होतं तसा हिशेबही होता. तुर्कस्तान आणि काळ्या समुद्राकडून येणारा माल, गालिचे, रेशीम, मसाले, उत्तरेकडे नेणारी माणसं हीच होती. चौकाच्या उत्तर बाजूची आर्मेनियन व्यापाऱ्यांची घरं नंतरच्या शतकातली, लाल-पिवळी-निळी, कोरीव नक्षीची. पर्यटकांच्या फोटोत येतात ती हीच. १९९२ पासून जुनं झामोश्च युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

शहर देखणं होतं तसा तो किल्लाही होता. १६५५-५६ मध्ये स्वीडिश सैन्याने पोलंडचा बराचसा भाग घेतला, झामोश्च मात्र त्यांना घेता आलं नाही.

## आणि विद्यापीठ?

१५९४ मध्ये पोप क्लेमेंट आठवे यांची मंजुरी आली, पुढच्या वर्षी झामोश्च अकादमी सुरू झाली. क्राकोव्ह आणि विल्नो (आजचं व्हिल्नियस) यांच्यानंतरचं हे संघराज्यातलं तिसरं विद्यापीठ, आणि ते एका खासगी माणसाच्या पैशावर उभं. प्राध्यापक जमवायला कवी शिमोन शिमोनोविच याची मदत झाली. शेजारी छापखाना, तिथून अकादमीचे प्राध्यापक आदाम बुर्स्की यांचा रोमन वक्ता सिसेरो याच्या तर्कशास्त्रावरचा ग्रंथ १६०४ मध्ये निघाला.

काय शिकवायचं यावर झामोयस्कीची मतं ठाम होती. कायदा, वक्तृत्व, इतिहास, नीतिशास्त्र, आणि पुढे वैद्यक. पुढच्या पिढीच्या श्लाख्ताला सभेत बोलता यावं, करार वाचता यावा, न्यायाधीश म्हणून बसता यावं. त्या काळी जेझुइट या कॅथलिक पंथाच्या शाळा देशभर पसरत होत्या, शिक्षणही चांगलं देत होत्या, पण त्याने अकादमी त्यांच्या हाती दिली नाही. १६०० च्या स्थापनालेखात एक वाक्य आहे, ते पोलंडमध्ये आजही शाळांच्या भिंतीवर आढळतं: तरुणांना जसं घडवाल तशी राज्यं होतील. ‘राज्यं’ हा शब्द त्याने गंभीरपणे वापरला होता. मतदार जर राजा निवडणार, तर मतदाराला शिकवणं हा कारभाराचाच भाग.

## एवढा पैसा आला कुठून?

हा प्रश्न अशा थोर आश्रयदात्यांच्या चरित्रांत हळूच गाळला जातो.

एक वाट राजाच्या जमिनींची. राज्याच्या मालकीच्या जमिनी मर्जीतल्या सरदारांना तहहयात कारभाराला देत, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा कारभाऱ्याकडे राही. चॅन्सेलरला अशा जमिनी भरपूर मिळाल्या. दुसरी वाट खरेदीची, आणि तो खरेदीत वाकबगार होता. तो वारला तेव्हा त्याच्या स्वतःच्या मालकीची ११ शहरं आणि २०० हून जास्त खेडी होती.

खेडं म्हणजे उत्पन्न, आणि उत्पन्न म्हणजे धान्य. राय आणि गहू तराफ्यांवर लादून नद्यांमधून ग्दान्स्क बंदरात जाई, तिथून डच जहाजांनी पश्चिम युरोपात. शहरं वाढत होती, भाव चढे होते. ते धान्य पिकवायचे शेतकरी, आणि तेही सरदाराच्या शेतावर बिनपगारी राबून. १४९६ च्या कायद्याने त्यांचं गाव सोडून जाणं जवळपास बंद केलं होतं. १५२० मध्ये आठवड्याला किमान एक दिवस वेठ कायद्याने पक्की झाली, आणि व्यवहारात हे दिवस वाढतच गेले. सरदाराविरुद्ध राजाच्या न्यायालयात तक्रारीची सोय १५१८ पासून राहिली नव्हती. कामियोनच्या मैदानात ४०,००० लोक राजाला कलमं ऐकवत होते, तेव्हा त्यांच्या घरी कापणी करणाऱ्यांसाठी एकही कलम नव्हतं. कारखान्याचे कोयतेवाले ते हेच.

झामोयस्की इतरांपेक्षा वाईट जमीनदार होता असं नाही. पण पादुआहून आलेले ग्रंथ, मोरांदोची बिदागी आणि प्राध्यापकांचे पगार वेठीच्या धान्यातून निघाले, हे सांगितल्याशिवाय त्याचं विद्याप्रेम पुरतं सांगून होत नाही.

## मग याला लोकशाही म्हणायचं का?

आजच्या अर्थाने नाही. पण ‘मूठभरांचा खेळ’ म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही. इंग्लंडमध्ये १८३२ च्या सुधारणेआधी जितक्या टक्के लोकांना मत होतं, त्याहून इथलं प्रमाण कमी नव्हतं, आणि हे सोळाव्या शतकात.

जास्त टोकदार आक्षेप झामोयस्कीवर घेता येतो. लहान श्लाख्ताचा कैवारी म्हणून तो वर आला आणि मरताना देशातल्या सर्वांत बड्यांपैकी एक होऊन गेला. १५८९ मध्ये त्याने सेयमकडून एक खास कायदा करून घेतला: त्याची मुख्य जहागीर कधीच वाटली जाणार नाही, विकली जाणार नाही, अख्खी थोरल्या मुलाकडे जाईल. तेव्हा तर त्याला मुलगाही नव्हता; तोमाश जन्मला १५९४ मध्ये. राजाला वारस नेमता येऊ नये म्हणून झटलेल्या माणसाने आपल्या घरात मात्र वारसा कायद्याने कुलूपबंद केला. बाकीच्या जमिनी मुलांत वाटून लहान होत गेल्या, या प्रकारच्या जहागिऱ्या टिकल्या, आणि पुढच्या दोनशे वर्षांत सेयमवर खरा ताबा अशाच घराण्यांचा राहिला.

## पोलंड बुडाला तो याच पद्धतीमुळे ना?

शाळेच्या पुस्तकात असंच असतं: राजा दुबळा, सेयम भांडकुदळ, म्हणून १७७२, १७९३ आणि १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी देश तीन घासांत खाल्ला. यात तथ्य आहे, पण वेळेचा घोटाळा आहे. एका प्रतिनिधीच्या ‘नाही’ने अख्खी सेयम मोडायची कुप्रसिद्ध प्रथा सुरू झाली १६५२ मध्ये. झामोयस्कीच्या हयातीत राज्य चालत होतं, युद्ध जिंकत होतं, न्यायालय उभारत होतं.

भेग मात्र त्याला दिसली होती. ज्या झिग्मुंटला त्याने तलवारीच्या जोरावर गादीवर बसवलं, तोच हाब्सबुर्गांना पोलंडचं सिंहासन देऊन स्वीडनला परतायच्या वाटाघाटी करतोय, असं बाहेर आलं. १५८९ च्या सेयममध्ये झामोयस्कीने निवडणुकीचे नियम घट्ट करण्याचा प्रस्ताव मांडला; तो मंजूर झाला नाही. १५९२ मध्ये राजाला सेयमपुढे या वाटाघाटींचा जाब द्यावा लागला. १६०५ च्या सेयममध्ये त्रेसष्टीच्या चॅन्सेलरने भर सभेत राजाला सुनावलं. राजा गादीवर बसतो, कारभार करत नाही, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याच्या नावावर सांगतात. जूनमध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी श्लाख्ताच्या एका गटाने राजाविरुद्ध हत्यार उपसलं. दोन्ही बाजूंना आवरणारा माणूस उरला नव्हता.

नियतीचा एक टोमणा राहिलाच. १६६९ मध्ये वॉर्साच्या मैदानात श्लाख्ताने निवडलेला राजा मिखाव विश्न्योव्येत्स्की हा झामोयस्कीचा पणतू, तोमाशच्या लेकीचा मुलगा. बड्यांना डावलून लहान श्लाख्ताने त्याला उचलून धरलं, अगदी पणजोबांच्या पद्धतीने. तो पोलंडच्या सर्वांत दुबळ्या राजांमध्ये गणला जातो.

अकादमी १७८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजवटीने बंद केली. घराण्याचं मोठं ग्रंथालय पुढे वॉर्साला गेलं आणि त्यातलं बहुतेक १९४४ मध्ये जर्मनांनी शहर पेटवलं तेव्हा जळालं. वाचलेल्या हस्तलिखितांत पोलंडच्या सर्वांत जुन्या बखरीची प्रत आहे. जहागीर मात्र साडेतीनशे वर्षं अखंड राहिली, थोरल्याकडून थोरल्याकडे, ती १९४४ च्या जमीनसुधारणेने संपली. शेवटच्या जहागीरदाराचा मुलगा मार्चिन झामोयस्की २००२ ते २०१४ या काळात झामोश्चचा महापौर होता, रीतसर मतदानाने निवडून आलेला, आणि या वेळी मत सगळ्यांना होतं.